आतली झाडं

आळंदच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत गुरप्पांचं घर होतं आणि घरापुढचं अंगण रत्नम्माचं होतं. घरातलं बाकी सगळं दोघांचं, पण अंगण तिचं एकटीचं. गुरप्पांचा त्याच्याशी संबंध सकाळी इष्टलिंगाच्या पूजेला फुलं तोडण्यापुरता. पुढं दिवसभर ते किराण्याच्या दुकानात आणि रत्नम्मा मोगऱ्यात. नळाला पाणी आठवड्यातनं कधीतरी यायचं, तरी तिनं तांदूळ धुतलेल्या, भाजी धुतलेल्या पाण्यावर मोगरा, जास्वंद, कढीपत्ता, शेवगा आणि भिंतीवर चढवलेला वाल असं सगळं जगवलं होतं. शेजारच्या नागूबाईच्या घरी मेंढरं होती. ती पाटी पाटी लेंडीखत आणून अंगणाच्या कोपऱ्यात ओतायची आणि जाताना ओटीत शेवग्याच्या शेंगा भरून न्यायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललेलं.

रत्नम्माचा एकुलता एक मुलगा अमरेश हैदराबादला एका कंपनीत कामाला होता. एका दिवाळीला तो घरी आला तेव्हा त्याचे पाय सुजलेले होते आणि तोंड फुगलेलं होतं. प्रवासानं झालं असेल म्हणून रत्नम्मानं गरम पाण्यात मीठ घालून पाय शेकले. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. कलबुर्गीला नेलं, रक्त तपासलं आणि डॉक्टरांनी गुरप्पांना बाजूला घेऊन सांगितलं की पोराच्या दोन्ही किडन्या गेल्यात. पोरगा तेव्हा तिशीच्या आतला होता.

नोकरी सुटली. हैदराबादची खोली सोडून अमरेश आळंदला आला आणि आठवड्यातनं दोनदा एसटीनं कलबुर्गीला डायलिसिसला जायला लागला. सकाळी निघायचा आणि संध्याकाळी पिळून काढलेल्या कपड्यासारखा होऊन परत यायचा. पाण्याची बंदी होती. दिवसभरात तांब्याभर, तेही घोट घोट. उन्हातनं आला की तहानेनं जीव जायचा म्हणून तो बाहेर पडेनासाच झाला. दार लावून आपल्या खोलीत बसायचा.

त्या खोलीत पहिलं झाड कसं आलं, तर डायलिसिसला शेजारच्या खाटेवर एक मास्तर असायचे. त्यांनी मनीप्लँटचा एक तुकडा ओल्या कागदात गुंडाळून त्याला दिला. अमरेशनं तो सलाइनच्या रिकाम्या बाटलीत लावला. पंधरवड्यात त्याला पांढरी मुळं फुटली. मग बाटलीची कुंडी झाली, एकीच्या चार झाल्या. खिडकीत, टेबलाखाली, कपाटावर अशी रुंद पानांची, पट्ट्यापट्ट्यांची, काय काय झाडं आली. मोबाइलवर बघून बघून तो शिकला. कुठल्याला उजेड लागतो, कुठलं अंधारात राहतं, कुणाची माती सुकू द्यायची, कुणाची नाही. ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत बसायचा. सगळ्यात लाडकी होती एक फर्न. खोड असं नाहीच, नुसती झिरमिळ्यांसारखी हिरवी पानं. उन्हाची तिरीप लागली तरी कडा करपायच्या.

रत्नम्माला ही झाडं झाडंच वाटत नसत.

"फूल न्हाई, फळ न्हाई, नुसती पानंच," ती म्हणायची. "ह्याला झाड म्हणायचं व्हय रे? बाहेर ये की जरा. मोगरा बघ कसा भरलाय."

"अव्वा, तुझी बाहेरची, माझी आतली," तो म्हणायचा. "तू माझ्यात यायचं न्हाई, मी तुझ्यात येत न्हाई."

एकदा ती भाकरी द्यायला गेली तेव्हा तो फर्नला पाणी घालत होता. कुंडीच्या बुडातनं पाणी बशीत उतरलं तसा त्याचा हात थांबला. त्या बशीतल्या पाण्याकडं तो असा बघत राहिला की रत्नम्मा ताट उंबऱ्यावर ठेवून आल्या पावली मागं फिरली. स्वयंपाकघरात येऊन तिनं तोंडाला पदर लावला. त्याच आठवड्यात ती गुरप्पांना म्हणाली, "माझी किडनी तपासा."

गुरप्पांना साखरेचा आजार, त्यांची चालण्यासारखी नव्हती. रत्नम्माची जुळली. हैदराबादच्या हॉस्पिटलात सगळं झालं. शुद्धीवर आल्यावर कुशीत आग पडल्यासारखं दुखत होतं, तरी तिनं पहिलं विचारलं ते त्याचंच. सिस्टर हसून म्हणाली, "लघवी सुरू झाली, अम्मा." पुढं कितीतरी दिवस रत्नम्मा ज्याला त्याला हेच सांगत सुटली, लाज न बाळगता. आणि अमरेश सगळ्यांसमोर तांब्या उचलून घटाघट पाणी प्यायला, हनुवटीवरनं छातीवर सांडेपर्यंत. गुरप्पा भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

घरी सोडताना डॉक्टरांनी तिघांनाही समोर बसवलं. नव्या किडनीला शरीर परकी समजतं, तिच्यावर उठतं, म्हणून शरीराची ताकद औषधांनी दाबून ठेवायची असते. मग साध्या माणसाला ज्यानं शिंकसुद्धा येणार नाही, त्यानं ह्याचा जीव जाऊ शकतो. गर्दी नको, कच्चं खाणं नको, मास्क काढायचा नाही.

"घरात कुंड्या हायत," रत्नम्मा म्हणाली. "लई हायत."

"सगळ्या काढा," डॉक्टर म्हणाले. "मातीत, शेणखतात बुरशी असते. डोळ्यांना दिसत नाही, श्वासातनं आत जाते. घरात माती नको आणि ह्यानं बागेत हात घालायचा नाही. पहिलं वर्ष तर अजिबात नाही."

गुरप्पांनी तिथनंच नागूबाईला फोन लावला. ते परतेपर्यंत तिनं सगळ्या कुंड्या बाहेर काढून अंगणाच्या भिंतीशी ओळीनं मांडल्या होत्या आणि खोली फिनेलनं धुऊन काढली होती. खोलीत खाट, औषधांचं टेबल आणि एक खुर्ची उरली. खिडकीची काच घट्ट लावलेली. त्या काचेतनं ओळीतल्या कुंड्या दिसायच्या.

माघ सरला तशी उन्हं चढली. अंगणातली शहाबादी फरशी दुपारी पाय ठेवू देत नव्हती. आयुष्यभर सावलीत वाढलेली ती झाडं उघड्यावर भाजायला लागली. पट्ट्यापट्ट्यांची कशीबशी तगली, रुंद पानांची कागदासारखी वाळली. रत्नम्माला वजन उचलायला बंदी होती. अंगणात जायचं तर वेगळं लुगडं, आल्यावर साबणानं हात, मग आंघोळ, मग पोराच्या खोलीत पाऊल. पहाटे उठून ती मोगऱ्याला, कढीपत्त्याला पाणी घालायची तेवढ्यातच थकून जायची. गुरप्पांनी तर पूजाही दुकानाच्या माडीवर हलवली, फुलांबरोबर घरात काही यायला नको म्हणून.

काचेवर टकटक व्हायची.

"अव्वा, ती फर्न तेवढी शेवग्याखाली सरकव."

"सरकवते."

"काल पण तेच म्हणालीस."

"माझ्या पोटाचे टाके अजून ओढायलेत रे. पानापायी जीव देऊ काय?"

तिला राग यायचा, हे खरं. आपण पोट कापून दिलं आणि हा कुंड्यांची काळजी करायला बसलाय. एक दिवस तिनं नागूबाईला बोलावून सांगितलं, जगतील तेवढी तुझ्या घरी ने. नागूबाईनं नेली आणि तिच्या मेंढरांनी एका दुपारीत फस्त केली. हे कळल्यावर अमरेशनं रात्रीची भाकरी खाल्ली नाही. सकाळी तोंड धुऊन औषध घेतलं आणि विचारलं, "फर्न पण नेली?" फर्न नेली नव्हती. ती मेली असेल म्हणून नागूबाईनं तिला हात लावला नव्हता.

अमरेश मात्र सुधारत होता. गालावर मांस आलं, रक्ताचे रिपोर्ट चांगले येऊ लागले. बरं वाटायला लागलं तसतशी त्याला ती खोली खायला उठली. आजारी होता तेव्हा बाहेर जावंसं वाटत नव्हतं, आता वाटत होतं तर जाता येत नव्हतं. मित्र फाटकाबाहेर मोटरसायकलवर बसूनच हात करायचे. गुरप्पा कुठं स्थळाची चाचपणी करून आले तर पोरीकडच्यांनी आधी किडनीची चौकशी केली आणि मग तारीख बघून सांगतो म्हणाले, ते सांगितलंच नाही.

वैशाखात करजगीला गुरप्पांच्या भाचीचं लग्न निघालं. गर्दीत अमरेशला न्यायचं शक्यच नव्हतं. जेवण झाकून ठेवून, चार वेळा बजावून दोघं सकाळच्या गाडीनं गेली. रत्नम्माचं अक्षता पडेपर्यंतसुद्धा चित्त लागलं नाही. गुरप्पांना पाहुण्यांत सोडून ती दुपारच्याच गाडीनं एकटी परत आली.

फाटक उघडलं तसं तिला कळलं. कोपऱ्यातला लेंडीखताचा ढीग मध्ये उकरलेला होता. तिचं खुरपं भिंतीशी पडलं होतं. फरशीवर पाण्याचा ओघळ होता आणि शेवग्याच्या सावलीत, एका वाळल्या झाडाच्या मोठ्या कुंडीत, काळ्याभोर मातीत ती फर्न बसवलेली होती. वाळलेली पानं कात्रीनं काढून टाकलेली. मध्ये मुठीएवढा हिरवा गड्डा राहिला होता.

अमरेश खाटेवर बसला होता. आंघोळ केलेली, धुतलेला सदरा, तोंडाला मास्क. कैक महिन्यांत तिनं त्याचे डोळे असे बघितले नव्हते.

"काय करून बसलास?" ती दारातनंच म्हणाली.

"मास्क होता अव्वा. एकदा पण काढला न्हाई. हात साबणानं दोनदा धुतले."

"खत कामून उकरलास?"

"नुसत्या मातीत ती जगली नसती."

ती उंबऱ्यावर बसली. ओरडावं असं वाटत होतं, पण त्याच्या तोंडावरचा तो आनंद पुसायला तिचा जीव होईना. शेवटी ती एवढंच म्हणाली, "अप्पाला सांगू नको." आणि अंगणात जाऊन तिनं खताचा ढीग परत सारखा केला, खुरपं धुतलं, ओघळ पुसला.

काही झालं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. रत्नम्मानं मनातल्या मनात बसवण्णाचे पाय धरले. फर्नला नवा कोंब आला, गोगलगायीच्या शंखासारखा गुंडाळलेला. अमरेश काचेतनं दाखवायचा आणि ती बघायची.

मग त्याला खोकला सुरू झाला. अंग कोमट. गुरप्पांनी हैदराबादला फोन लावून तो मोठ्या आवाजावर ठेवला. डॉक्टरांच्या हाताखालचे कोणी होते. त्यांनी सगळं विचारलं. ताप किती, औषध चुकलं का, गर्दीत गेला होता का.

"माती, बाग, खत, असं काही?"

अमरेशनं रत्नम्माकडं बघितलं. गुरप्पाही बघत होते. आणि रत्नम्मा म्हणाली, "न्हाई हो. खोलीच्या बाहेर पाऊल न्हाई त्याचं."

का म्हणाली, ते तिला त्या वेळीही नीट कळलं नाही. नवऱ्यासमोर पोराला खाली मान घालायला लागू नये म्हणून असेल. सांगितलं तर ते खरं होईल, न सांगितलं तर नुसती सर्दी राहील, असंही काही मनात असेल. तिकडनं सांगण्यात आलं, मग आधी कलबुर्गीला छातीचा फोटो काढून साधं औषध सुरू करा, उतार पडला नाही तर इकडं या. साधं औषध सुरू झालं. उतार पडला नाही. ताप चढत गेला आणि एका सकाळी अमरेश खोकला तेव्हा मास्कवर रक्ताचा ठिपका उमटला.

हैदराबादला नेताना गाडीत तो आईच्या मांडीवर डोकं ठेवून होता. श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तिथं गेल्यावर मोठ्या डॉक्टरांनी परत तोच प्रश्न विचारला आणि ह्या वेळी अमरेशनं स्वतः सांगितलं. थांबत, धापा टाकत, सगळं. खत उकरलं, कुंडी भरली, अव्वाला माहीत होतं. गुरप्पा भिंतीला टेकले. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं, "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलं?"



फुप्फुसात बुरशी होती. ती मारायची तर शरीराला तिच्याशी लढू द्यायला हवं आणि शरीराला मोकळं सोडलं तर ते किडनीवर उठणार. दोन्ही वाचवायचा प्रयत्न करतो, पण एक सोडावं लागलं तर जीव ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. गुरप्पांनी मान हलवली. शरीराची ताकद दाबणारी औषधं थांबवली. बुरशी हळूहळू हटली आणि तिच्याबरोबर किडनीही गेली. लघवी कमी होत होत एक दिवस थांबली. पाय परत सुजले. डायलिसिसचं मशीन परत आलं. रत्नम्मानं दिलेलं पुरतं एक वर्षही चाललं नाही.

तो जनरल वॉर्डात आल्यावर एका संध्याकाळी गुरप्पा खाली औषधं आणायला गेले होते. अमरेश खाटेवर वळला आणि म्हणाला, "अव्वा, फर्नला कोण पाणी घालायलंय?"

रत्नम्मा ताडकन उठली.

"तिचं नाव घेऊ नको माझ्यासमोर," ती म्हणाली. "मी पोट कापून दिलं आणि तू ते मातीत घातलंस. ह्या दोन हातांनी मातीत घातलंस."

शेजारच्या खाटेजवळ बसलेली बाई वळून बघायला लागली. अमरेश छताकडं बघत होता. आवाज न चढवता तो म्हणाला, "मी घातलं. पण फोनवर न्हाई म्हणालं कोण? तेव्हाच औषध मिळालं असतं तर..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. तेवढ्यात गुरप्पा पिशवी घेऊन आले आणि त्यांनी दोघांच्या तोंडाकडं बघून पिशवी खाटेखाली सरकवली.

आळंदला परतले तेव्हा पावसाळा संपत आला होता. गाडीतनं उतरून रत्नम्मानं फाटक उघडलं आणि ती जागच्या जागी थांबली. अंगणात एक झाड नव्हतं. मोगरा नव्हता, जास्वंद नव्हती, फर्नची कुंडी नव्हती, शेवग्याचा नुसता बुंधा जमिनीबरोबर कापलेला. भिंतीपासून भिंतीपर्यंत नवी शहाबादी फरशी बसवली होती, सांध्यांत सिमेंट भरून. गुरप्पांनी मधल्या काळात येऊन गवंडी लावला होता. कुणाला बोलले नव्हते.

"ह्या घरात आता कुणी मातीत हात घालायचा न्हाई," ते म्हणाले आणि पिशव्या घेऊन आत गेले.

मोगरा रत्नम्मानं लग्न होऊन आली त्या वर्षी लावला होता. दारात नागूबाई उभी होती. तिनं मोगऱ्याची एक फांदी घरी नेऊन लावली होती, जगते का बघू म्हणून. जगली नव्हती. तेवढं सांगायला ती आली होती. ते सांगून, डोळे पुसून, ती परत गेली.

पुढच्याच आठवड्यात कलबुर्गीला डायलिसिसच्या डॉक्टरांनी अमरेशची औषधं तपासली आणि बोलता बोलता म्हणाले, "ती दाबायची औषधं आता बंद झालीत. आता घरात दोनचार कुंड्या ठेवल्या तरी हरकत नाही. वेळ जाईल तुमचा." अमरेशनं "व्हय" म्हटलं. रत्नम्मानं ऐकलं. घरी आल्यावर हे गुरप्पांना दोघांनीही सांगितलं नाही. त्यांनी दुकानातनं येऊन नव्या फरशीवर पाणी मारून ती झाडायला सुरुवात केली होती. रोज संध्याकाळी मारायचे.

रत्नम्माला एकाच किडनीवर राहायचं होतं. तिच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पाणी भरपूर प्या, कमी पडू देऊ नका. ती स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि भिंतीकडं तोंड करून प्यायची. भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून स्टीलचा तांब्या सोडून तिनं प्लॅस्टिकचा मग घेतला. पलीकडच्या खोलीत अमरेश बर्फाचा खडा जिभेवर ठेवून बसलेला असायचा.

दोघं आठवड्यातनं दोनदा एकाच बाकावर बसून कलबुर्गीला जायची. वाटेवर दोन्हीकडं तूर पिवळ्या फुलांवर आली होती. कित्येक फेऱ्या बोलण्यावाचून गेल्या. एकदा गाडी नाल्याच्या पुलावर थांबली असताना रत्नम्मा पुढं बघतच म्हणाली, "त्या दिवशी फोनवर मी खरं सांगायला पाहिजे होतं."

"मी जायलाच नको होतं," अमरेश म्हणाला.

गाडी सुरू झाली. थोड्या वेळानं त्यानं पिशवीतली शाल काढून आईच्या गुडघ्यांवर टाकली, कारण मशीनच्या खोलीत गारठा असतो आणि तिला तिथं संध्याकाळपर्यंत बसायचं होतं. तिनं ती नीट पसरून घेतली. कलबुर्गी अजून लांब होतं.